सीटवरचा डबा

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी दर वर्षी कुणी ना कुणी प्रवासाचं लिहून देतं. काशी झाली, चारधाम झाले, गेल्या वर्षी मास्तरांच्या सुनेने सिंगापूर लिहिलं. यंदा मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मी फक्त मुंबईत चारकोपला जाऊन आलो, भावाची गाडी आणायला. आणि गाडी आणलीही नाही. तर म्हणाले, तेच लिहा. म्हणून लिहितोय. ह्यात देऊळ नाही आणि बघण्यासारखी जागाही नाही. एका गाडीचं ऑइल बदलायचं होतं, त्यात चार दिवस गेले.

मी सुतार. चाळीस वर्षं लाकडात गेली, लोखंडाशी संबंध खिळ्यापुरता. टेम्पो चालवतो, पण त्याचं पोट कधी उघडून बघितलेलं नाही. ते तिठ्यावरच्या गॅरेजवाल्याचं काम. माझा धाकटा भाऊ मनोहर नेमका उलटा. दहावीनंतर आयटीआय करून मुंबईला गेला, मरोळच्या एका कारखान्यात फिटर झाला आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिला. अकरा वर्षांपूर्वी त्याने एक छोटी पांढरी गाडी घेतली. पहिल्या फुकटच्या सर्व्हिसिंगनंतर त्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात म्हणून लागला नाही.

वर्षातून दोनदा तो ऑइल बदलायचा आणि काढलेलं जळकं ऑइल डब्यात भरून बसने मला पाठवायचा. घराच्या वाशांना, गोठ्याच्या खांबांना ते फासलं की वाळवी लागत नाही. मी दर वेळी कुरकुर करायचो की मुंबईची घाण आमच्याकडे येते. वास चार दिवस हातावरून जात नाही आणि बायको तीन-तीनदा साबण लावायला लावते. पण डबा यायला उशीर झाला की फोन मीच करायचो.

मे महिन्यात, गावी निघायच्या दोन दिवस आधी, रविवारी सकाळी मनोहर गेला. हृदयविकार. वय साठ. तेराव्याला असं ठरलं की गाडी मी गावी न्यावी. त्याची बायको सुनंदा गाडी चालवत नाही, मुलगी केतकी अंधेरीला लॅबमध्ये नोकरीला जाते, गाडी घेऊन काय करणार? ठरवणारे आम्ही मोठी माणसं होतो. केतकी तेव्हा उठून आत गेली. मी ते बघितलं होतं, पण त्याचा अर्थ लावायची तसदी घेतली नाही.

चारकोप

नवरात्र संपल्यावर निघालो. बसने बोरिवलीला हायवेवर उतरवलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते. रिक्षावाल्याने विचारलं, "किधर?" आणि मीटर पाडला. आमच्याकडे रिक्षावाला आधी तुमच्या सामानाकडे बघतो, मग तोंडाकडे, मग भाडं सांगतो. इथे त्याने वळूनही पाहिलं नाही. चारकोपच्या सेक्टरांमधून मी मात्र तीनदा चुकलो, कारण प्रत्येक गल्ली मागच्या गल्लीसारखीच.

सुनंदाने बांगड्याचं तिकलं केलं होतं. बांगडा बर्फातला, पण मसाला गावचा, मीच पाठवलेला. जेवताना तिने गॅलरीकडे बोट दाखवलं. तुळशीच्या कुंडीशेजारी दोन डबे होते. एक नव्या ऑइलचा, सील न फोडलेला. दुसरा जुना, झाकणावर प्लॅस्टिक घट्ट बांधलेलं आणि अंगावर मार्करने लिहिलेलं, 'दादा'. मनोहरच्या हातचं.

"गाडयेत होते, दादा," ती म्हणाली. "मीच वर आणून ठेवलंय. काळो डबो तुमचो. जाताना न्हेवा."

डब्यावरचं ते नाव मी दोनदा वाचलं. पण नवा डबा गाडीत का होता, हे मी विचारलं नाही. सुताराला तो प्रश्न पडत नाही.

गाडीची एक किल्ली मनोहर गेला त्या दिवसापासून सापडत नव्हती. हॉस्पिटलच्या धावपळीत खिशातून पडली असावी असं सगळ्यांनी धरलं होतं. केतकीने मला दुसरी किल्ली काढून दिली आणि म्हणाली, "काका, उद्या थांबा ना. मी इनास अंकलना बोलावते. ते एकदा बघतील, मग न्या." इनास हे मनोहरचे मरोळचे जुने सोबती. मी म्हटलं, बघायचं काय, गाडी ती गाडी. आमच्या अख्ख्या महामार्गावर 'अति घाई संकटात नेई' अशा पाट्या आहेत. आयुष्यभर त्या वाचत टेम्पो चालवला, पण डोक्यात काही शिरलं नाही.

खाली आवारात गाडीवरचं कापड काढलं. टायरांत हवा कमी होती, काचेवर पाच महिन्यांची धूळ. मी बसलो, किल्ली फिरवली. दिवे मंद लागले आणि टक टक एवढाच आवाज आला. बॅटरी उतरली होती.

मुंबईत माणूस माणसाला ओळखत नाही असं आपण गावात बसून म्हणतो. गाडी ढकलायची आहे एवढं वॉचमनने म्हटल्यावर पाच मिनिटांत आठ माणसं गोळा झाली. सोसायटीचे सेक्रेटरी सावंत बनियनवरच आले. त्यांनी सूत्रं हातात घेतली. "सेकंड गिअर टाका. मी सांगीन तेव्हा क्लच सोडा." सगळे मनोहरचे शेजारी, सगळ्यांना काहीतरी करायचं होतं. गाडी गेटपर्यंत गेली, सावंत म्हणाले, "सोडा," आणि मी क्लच सोडला.

इंजिन सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आवाज मात्र भलताच होता, गिरणीत दाण्याबरोबर खडा गेला की येतो तसा. मला वाटलं, पाच महिने उभी होती, खोकणारच. लाल दिवा पेटलेला होता, पण किल्ली फिरवली तेव्हापासूनच सगळे दिवे पेटलेले, त्यात तो एक विझला नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. मी वर ॲक्सिलरेटर दाबला.

केतकी तीन मजले धावत आली. तिने काही न विचारता खिडकीतून हात घातला आणि किल्ली उलटी फिरवली.

"हा पप्पांच्या गाडीचा आवाज नाही," ती म्हणाली.

सगळं मिळून वीस-पंचवीस सेकंद झाली असतील. ढकलून गाडी परत जागेवर लावली. केतकीने फोन केला आणि तासाभरात इनास आले. सत्तरीचा बारीक माणूस, गळ्यात क्रूस, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी. सुताराची नजर आधी हातावर जाते, म्हणून ते दिसलं. आल्या आल्या त्यांनी बॉनेट उघडलं आणि तसेच उभे राहिले.

ऑइल भरायच्या तोंडाला जे झाकण असतं, त्याला सुतळीने एक किल्ली बांधलेली होती. पाच महिने घरभर शोधलेली किल्ली. मी तर बॉनेट उघडलंच नव्हतं.

"मन्याने ऑइल काढून टाकलंय," इनास म्हणाले. मग त्यांनी ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली, पुसली, परत घातली, परत काढली आणि माझ्यासमोर धरली. पट्टी कोरडी होती.

"नवा डबा कुठे होता?" त्यांनी विचारलं.

सुनंदा मागे येऊन उभी होती. "सीटर," ती म्हणाली. "ड्रायव्हरच्या सीटर."

"मग हा माणूस बसला कसा?"

इनासनी माझ्याकडे बोट दाखवलं. सुनंदाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "मीच उचलला," ती म्हणाली. "चवथ्या दिवशी गाडी झाकूक खाली इलंय. सीटर डबो. त्येंका सीट खराब झालेली आवडा नाय. सांडात म्हणून उचलला. मीच."

त्या रविवारी काय झालं ते मग जुळत गेलं. मनोहरने जुनं ऑइल काढलं, खालचा बोल्ट हाताने लावला, काळं ऑइल माझ्या डब्यात भरून डिकीत ठेवलं. नवा डबा सीटवर ठेवला, किल्ली बॉनेटखाली बांधली आणि पाणी प्यायला वर गेला. फिल्टर बदलायचा आणि नवं ऑइल ओतायचं, एवढंच राहिलं होतं. वर जाऊन तो खुर्चीवर बसला तो उठला नाही.

मी इनासना विचारलं, "इंजिन गेलं?"

"आज नाय सांगता येत. आतलं बेअरिंग खाल्लं असेल तर गेलं. नसेल तर वाचलं. ऑइल भरून बघेपर्यंत कुणीच सांगू शकत नाय. आणि आता घाई नाय करायची, दादा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भावाने जाताना एक काम अर्धं ठेवलं होतं, पण ते कुणाला न कळता बिघडू नये म्हणून दोन खुणा सोडल्या होत्या. एक सुनंदाने मायेने उचलली, दुसरी मी माजोरेपणाने बघितली नाही. तिची चूक आणि माझी चूक एका मापाची नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या रात्री मी जेवलो नाही. सुनंदाही जेवली नाही. आम्ही एकमेकांना आग्रहही केला नाही.

मरोळ

गाडी जॅकवर उचलली की खाली लावायच्या लोखंडी घोड्या इनासकडे होत्या. मनोहरच्या आणि त्यांच्या सामाईक. त्या आणायला दुसऱ्या दिवशी मी मरोळला गेलो. कारखान्यांच्या शेडपासून जरा आत वळलं की एकदम गाव लागतं, उतरत्या छपरांची घरं, मध्ये क्रूस, त्याला झेंडूचा हार. हार बघून मला आमच्या गाव राखणाऱ्या देवचाराच्या घुमटीची आठवण झाली. इनास म्हणाले, आमचे बापजादे इथे भात लावायचे. आता अंगणात भातही नाही आणि गाडी वळवायला जागाही नाही.

त्यांच्या बायकोने कोळंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या. मसाला त्या वर्षाचा करून बाटल्यांत दाबून भरतात, म्हणून त्याला बाटली मसाला म्हणतात. आपण मालवणी लोक आपल्या मसाल्याबद्दल फार बोलतो, पण ह्या कालवणापुढे मी गप्प बसलो. जेवताना दोघं मराठीतच बोलत होते, फक्त जेवणाआधीची प्रार्थना मनातल्या मनात झाली.

जेवल्यावर मी त्यांच्या बोटांबद्दल विचारलं. माझंही एक पेर रंध्यावर गेलंय, त्यामुळे विचारायचा हक्क होता.

"कारखान्यात," ते म्हणाले. "मी मशीन उघडून आत हात घातलेला. दुसऱ्या शिफ्टवाल्याला वाटलं बंद का आहे, त्याने चालू केली. त्याचीपण चूक नाय. त्याला खूण काय होती? कायच नाय. मन्या तेव्हा नवीन, माझ्याबरोबर होता. माझी बोटं त्याने रुमालात उचलली. त्यानंतर आमच्या खात्यात ठरलं. ज्याने मशीन उघडली, किल्ली त्याच्याकडे. आणि चालवणाऱ्याच्या जागेवर काहीतरी ठेवायचं, म्हणजे कुणाला बसताच येता नये."

"गाडीला कोण हात लावणार होतं?" मी म्हटलं. "स्वतःचीच गाडी."

"मीपण तेच बोलायचो. तो काय बोलायचा माहितीये? इनास, मीच विसरलो तर?"

मनोहर विसराळू नव्हता. आमच्या घरात तारखा त्यालाच पाठ असायच्या. पण स्वतःवर भरवसा किती ठेवायचा, हे त्याला माहीत होतं. मी त्याला आयुष्यभर भित्रा म्हणत आलो. मरोळच्या त्या ओट्यावर बसून मला त्याची माफी मागावीशी वाटली आणि मागायला तो नव्हता.

कुर्ला

खालच्या बोल्टला तांब्याची एक चकती लागते, पाच रुपयाच्या नाण्याएवढी. दर वेळी नवी घालायची, नाहीतर ऑइल थेंब थेंब गळतं. मनोहरने आणलेला नवा फिल्टर डिकीत मिळाला, पण चकती आणली होती की नाही कळेना, म्हणून इनास मला दुपारी कुर्ल्याला घेऊन गेले. जुन्या गाड्यांच्या सामानाची ती सगळी गल्ली. दारं दारांवर रचलेली, काचा काचांना टेकलेल्या. जुनं घर मोडल्यावर वासे, तुळया, चौकटी वेगवेगळ्या लावून विकतात ना, तसं. अशी लाकडं मी शेकड्यांनी विकत घेतली आहेत. कुणाचं घर होतं हे कधी विचारलं नाही.

दुकानदाराने चकती दिली आणि गाडी कुठली ते विचारलं. इनासनी झालेलं सांगितलं. तो सहज म्हणाला, "इंजिन चाहिए तो है. एक्सिडेंट का है, पर एकदम साफ." त्याने पाय लावून एक इंजिन दाखवलं. त्याच्या शेजारी दुसरा ढीग होता, जाम झालेल्या इंजिनांचा, भंगारात वजनावर जाणारा.

"नको," इनास म्हणाले. "आमचं अजून मेलं नाय."

मी त्या दुसऱ्या ढिगाकडेच बघत राहिलो. तिथून पाय निघेना. येताना रिक्षात इनासनी माझ्या हातातली पुडी काढून स्वतःच्या खिशात ठेवली, कारण मी ती सारखी उघडून बघत होतो.

पुन्हा चारकोप

तिसऱ्या दिवशी रविवार होता. बॅटरी चार्ज होऊन आली होती. जिन्याखाली सोसायटीचा फलक आहे, 'आवारात वाहने धुण्यास व दुरुस्त करण्यास सक्त मनाई आहे.' खाली सही सेक्रेटरींची. सावंत आले तेव्हा मला वाटलं, आता नियम काढणार. त्यांच्या काखेत फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा होता. तो त्यांनी गाडीखाली सरकवला. "मनोहर हाच घ्यायचे दर वेळी," ते म्हणाले. "दिसत नाही असं मी करायचो." मग जरा थांबून म्हणाले, "परवा ढकला मीच म्हटलं." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

इनासनी गाडी घोड्यांवर घेतली. मग म्हणाले, "आधी डबा जागेवर ठेवा." केतकीने गॅलरीतून नवा डबा आणला, ड्रायव्हरच्या सीटवर ठेवला. दोन्ही किल्ल्या झाकणाला बांधल्या. मी शर्ट काढून पुठ्ठ्यावर आडवा व्हायला लागलो. चूक मी केली होती, निस्तरायला मीच जाणार.

"काका, उठा," केतकी म्हणाली. "तुम्हाला नाही माहिती. मी जाते."

"तुका कसा म्हायत?"

"लहानपणापासून टॉर्च मीच धरायचे पप्पांना. मागच्या दोन वेळा त्यांनी टॉर्च धरला आणि काम मी केलं. तुम्ही कुणी विचारलंच नाही."

हे ती रागाने नाही बोलली. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती खाली गेली. मी उकिडवा बसून टॉर्च धरला. तिने बोल्ट काढला, दोन-चार काळे थेंब पडले ते पडले. नवी चकती घालून बोल्ट पान्याने आवळला. जुना फिल्टर काढला आणि त्याची रबराची कडी इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघितलं. नव्याच्या कडीला बोटाने ऑइल लावलं आणि तो नुसत्या हाताने बसवला. मी म्हटलं, पाना घे. "नाही. हाताने जेवढा बसतो तेवढाच. पप्पा म्हणायचे, जास्त आवळलेलं पुढच्या वेळी सुटत नाही." मी सुतार, स्क्रू आवळता आवळता लाकूड फाडलेला माणूस. मला पटलं.

ती बाहेर आली. कपाळाला काळं लागलं होतं. सुनंदा इतका वेळ जिन्याच्या पायरीवर बसून होती, गाडीकडे न बघता. केतकीने तिला हाक मारली.

"आई, डबा आण. आता उचलायचा."

सुनंदा जागची हलली नाही. "माका नको सांगू," ती म्हणाली.

"तूच आण. आता उचलायचीच वेळ आहे."

ती उठली. दार उघडून तिने दोन्ही हातांनी डबा उचलला, कडेवर मूल घेतात तसा धरून आणला आणि केतकीच्या हातात दिला. मग तिला रडू आलं. पाच महिन्यांत ती माणसांसमोर रडली नव्हती. सावंत, इनास, मी, आम्ही तिघं कुठे बघावं हे न कळून इंजिनकडे बघत राहिलो. नवं ऑइल मधासारख्या रंगाचं असतं, हे मी पहिल्यांदा बघितलं.

ओतून झाल्यावर इनासनी पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. ते अडकलं नाही, जड पण सलग फिरलं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून मान हलवली. गाडी खाली घेतली, बॅटरी जोडली, पट्टीवर ऑइल दोन खुणांच्या मध्ये आलं. मग झाकणाची सुतळी सोडून केतकीने मनोहरची किल्ली घेतली, दुसरी माझ्या हातात दिली आणि ती सीटवर बसली.

इंजिन लागलं. ऑइलचा लाल दिवा दोन सेकंद राहिला आणि विझला. सुरुवातीला तीच खडखड आली, मग कमी होत होत गेली. इनासनी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी मनातल्या मनात ग्रामदेवतेला नारळ बोलून टाकला.

"वाचलंय," ते म्हणाले. "एक टिकटिक राहील. ती आता जाणार नाय. पण चालेल."

ती टिकटिक मला नीट ऐकू येत होती. ती माझी. जोपर्यंत गाडी चालेल तोपर्यंत ती येणार, आणि केतकी ती रोज ऐकणार.

मी माझ्या खिशातली दुसरी किल्ली सुनंदाला दिली. तेराव्याला सगळ्यांनी मिळून जे ठरवलं होतं ते मी एकट्याने मोडलं, आणि गावात त्याबद्दल जे ऐकून घ्यायचं ते ऐकून घेतलं. केतकीला एवढंच म्हटलं, "गाडी हयच रवांदे." बॉनेट लावून तिने हात पुसले आणि गाडीत ठेवलेल्या मनोहरच्या डायरीत त्या दिवसाचे किलोमीटर लिहिले, बापाच्या शेवटच्या ओळीखाली.

घरी

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने काळ्या डब्याला हरकत घेतली. वास येतो म्हणाला. मनोहर दर वेळी ह्या लोकांना काय सांगून डबा चढवायचा, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, भावाने दिलाय. त्याने एकदा डब्यावरचं नाव वाचलं आणि पायाशी ठेवू दिला.

घरी पोचल्यावर आठवडाभर डबा ओसरीवर होता. बायको म्हणाली, राहू दे, शेवटचा आहे. मलाही तसंच वाटत होतं. पण त्याने ते ठेवायला भरलं नव्हतं, वाशांना लावायला भरलं होतं. एका सकाळी मी शिडी लावली, वर चढलो आणि आढ्यापासून सुरुवात केली. सहा महिन्यांचं त्याचं चालणं त्या ऑइलमध्ये होतं. बाजार, दवाखाना, केतकीला पावसाळ्यात स्टेशनवर आणायला जाणं. ब्रश टाकून देऊन मी कापडाने लावलं, मग हातानेच लावत गेलो. डबा पुरला बरोबर ओसरीच्या शेवटच्या वाशापर्यंत.

खाली उतरलो तर बायकोने बादली भरून साबण ठेवला होता. मी तसाच पायरीवर बसलो. दुपारी जेवायची हाक येईपर्यंत मी हात धुतले नाहीत, आणि वासाबद्दल ती काही बोलली नाही.